कोणाचं आवतण, हरी?

हरी गेल्याची बातमी मला वाडीत मिळाली. मी केळींना पाणी सोडत होतो. पाटात पालापाचोळा अडकला होता तो काढायला वाकलो, आणि सून कुंपणाकडून ओरडली, "बाबा, हरीकाका गेले. त्यांच्या घरून फोन आला." मी पाट मोकळा केला, पाणी शेवटच्या केळीपर्यंत जाऊ दिलं, मगच घराकडे वळलो. सून म्हणाली, तुम्हाला ऐकू आलं नाही का? ऐकू आलं होतं. पण रडू आलं नाही, राग आला. म्हणजे गेलाच हा. काही न बोलता गेला. जन्मभर हेच केलं आणि जातानाही तेच...

दहाव्यानंतर चिंचणीत देवळाच्या मंडपात शोकसभा झाली. खुर्च्या मांडल्या होत्या, फोटोला हार घातला होता, एकेक जण उठून बोलत होता. हसतमुख माणूस. दुसऱ्याच्या कामाला धावणारा. कधी कोणाला नाही म्हटलं नाही. एकाने सांगितलं, "हरीकाकांनी या पट्ट्यातली निम्मी लग्नं पार पाडली," आणि लोक माना डोलवत हसले. मी मधूनच उठलो आणि चालत घरी आलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला दुःख सहन झालं नाही. मला ते बोलणं सहन झालं नाही. हरी कधी नाही म्हणाला नाही हे सगळ्यांच्या सोयीचं होतं, म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्याने स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, आणि त्यापायी त्याचं काय झालं, हे एकानेही सांगितलं नाही.

म्हणून मी लिहितो. माझी शाळा चौथीत सुटली, ती वाडीच्या कामासाठी, डोकं नव्हतं म्हणून नव्हे. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी शुद्धलेखन सुधारलं तर सुधारो, माझं म्हणणं बदलू नये. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहून देते. म्हटलं नको. मित्र माझा आहे, मीच लिहिणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी एक सांगतो. आज पत्रिका छापतात, फोनवर पाठवतात आणि मोकळे होतात. तेव्हा आमच्या चिंचणी-तारापूरच्या बाजूला लग्नाचं बोलावणं तोंडी असायचं, त्याला आवतण म्हणत. लग्नघरातून माणूस निघायचा, हातात करंडा, करंड्यात हळदकुंकू आणि अक्षता. दारोदार जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, घरच्या मोठ्या माणसाला कुंकू लावायचं आणि सांगायचं, कोणाच्या घरचं लग्न, कधी, आणि आवतण कसलं. 'घरटी एक' म्हणजे घरातून एकाने यायचं. 'चूलबंद' म्हणजे त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही, म्हातारी माणसं, पोरंबाळं, आलेला पाहुणा, सगळ्यांनी मांडवात जेवायचं. एका शब्दाने पंगतीच्या पंगती वाढायच्या, म्हणून हे काम कोणाच्याही हाती देत नसत. हरीच्या हाती देत. त्याचा आवाज खणखणीत होता आणि कोणत्या दारात काय बोलायचं हे त्याला बरोबर कळायचं. गुडघे धरलेल्या म्हातारीला म्हणायचा, "आजी, तुज्यासाठी गाडी पाठवतो, तू नुसती नटून बस." रुसलेल्या भावकीला म्हणायचा, "आण्णांनी सांगितलंय, ते आले नाय तर मी बी जेवणार नाय." लग्नघरच्या आण्णांनी असलं काहीही सांगितलेलं नसायचं. पण माणसं यायची.

गोष्ट पासष्ट सालाच्या आगेमागची. तारापूरला वीजघराचं काम सुरू झालं होतं आणि आमच्या बरोबरीची पोरं तिकडे कामाला लागली होती. कोण खोदाईवर, कोण लोखंड बांधायला, कोण नुसतं मुकादमाच्या मागे मागे. कालपर्यंत ज्यांना कोणी मुलगी दाखवत नव्हतं ते एका पावसाळ्यात नोकरीवाले झाले. मग पुढच्या उन्हाळ्यात लग्नांची अशी रांग लागली की मांडवाच्या झावळ्या एका दारातून सोडवायच्या आणि तशाच दुसऱ्या दारात नेऊन बांधायच्या. मी कामाला गेलो नाही. साहेबाला सलाम ठोकणं माझ्याच्याने झालं नसतं, आणि आमची वाडी चांगली होती. हरीही गेला नाही. त्याचे वडील लहानपणीच वारलेले, घरी आई आणि धाकटा भाऊ, थोडी वाडी, थोडं भात. पण हरी नोकरीला गेला नाही याचं खरं कारण वाडी नव्हे. त्याला वेळच नव्हता. आज याची हळद, उद्या त्याचा मांडव, परवा तिसऱ्याचं आवतण.

मजाही केली आम्ही, नाही म्हणत नाही. मी, हरी आणि बाळा असे तिघे. बाळा म्हणजे बाबूआण्णांचा मुलगा, आमच्या आळीतला, वीजघरावर लागलेला आणि पहिल्या पगारापासून केसांना तेलाऐवजी क्रीम लावणारा. 'पार्टी' हा शब्द त्यानेच बोईसरहून आणला. तिकडे बाहेरगावची माणसं येऊन राहिली होती, हिंदीत बोलायची, काही झालं की पार्टी मागायची. आम्हाला तोवर जेवण माहीत होतं, पार्टी माहीत नव्हती. बाळाने समजावलं, "जेवणात आई वाढते, पार्टीत आपण वाढून घ्यायचं." पहिली पार्टी बेटेगावच्या एका ताडांच्या बनात झाली. ताडी, भाजलेले बोंबील आणि ताडगोळे. हरीने स्वतः काही घेतलं नाही, बसून सगळ्यांना गोळे सोलून दिले. दुसऱ्या वेळी तारापूरच्या किल्ल्याकडे गेलो, तिथे बाळाला तटावर चढून गॉगल लावून फोटो काढून घ्यायचा होता. कॅमेरा कोणाकडेच नव्हता. तरी तो चढला आणि उभा राहिला. हरी खालून ओरडला, "बाळा, हस. काडला!" आणि बाळा खरंच हसला. असे दिवस होते...

त्याच उन्हाळ्यात, अगदी सुरुवातीला, आम्ही वाणगावला एका लग्नाचं आवतण सांगायला गेलो होतो. मी नुसता सोबत. तिथे जगूकाकांचं घर, मिरचीची वाडी, दारात दोन म्हशी. जगूकाका घरी नव्हते, त्यांची मुलगी इंदू बाहेर आली. हरीने आपलं नेहमीचं सांगितलं, चूलबंद, पोरंबाळं घेऊन या, पाहुणे असतील तर पाहुणे घेऊन या. ती खांबाला टेकून ऐकत होती. म्हणाली, "ओ आवतणवाले, मामाकडची म्हैस आलीय आमच्याकडे. ती पण पाहुणीच. तिला आणू काय?" हरी म्हणाला, "आणा की. पेंढ्याची पंगत येगळी बसवू." ती म्हणाली, "वाढायला कोण?" हरी म्हणाला, "मी." मग दोघंही हसले. परत येताना रस्ताभर हरी गप्प. हरी गप्प म्हणजे काहीतरी बिघडलं असं मला वाटलं. शेवटी खाजणाच्या वळणावर म्हणाला, "मोरू, ती म्हशीवाली बरी हाय नाय?" मी म्हटलं, "बरी हाय म्हणजे? मागणी घालायची?" तो म्हणाला, "घालू की. जरा ही लग्नं उरकू दे."

हे वाक्य त्या उन्हाळ्यात मी इतक्या वेळा ऐकलं की आजही आठवलं तरी दात शिवशिवतात. मागणी घालायची तर आमच्यात घरच्या मोठ्या, संसारी माणसाने जायचं असतं. मुलाने स्वतः जायचं नाही, बिनलग्नाच्या मित्राने तर नाहीच. हरीला वडील नव्हते. मी बाबूआण्णांना गाठलं. त्यांनी हरीकडून वर्षानुवर्षं कामं करून घेतलेली, त्यांना नाही म्हणता येणार नव्हतं, आणि ते नाही म्हणालेही नाहीत. "जाऊ की. हरी आपलाच हाय. ही हळद होऊ दे, मंग जाऊ." हळद झाली. मग आळीतलं दुसरं लग्न आलं. मग बाळाचंच ठरलं, पालघरची मुलगी, आणि बाबूआण्णांच्या तोंडी एकच, "बाळाचं होऊ दे, मंग हरीचंच." मी हरीला म्हणायचो, अरे, तू त्यांच्या मागे लाग. तो म्हणायचा, "त्यांच्या घरात लगीन हाय रे. कशाला त्रास?" त्यांच्या घरात लग्न होतं म्हणून विहिरीचं पाणी कोण ओढत होतं? हरी. बाळाच्या सासरच्यांना बोईसर स्टेशनात उतरवून घ्यायला कोण गेलं? हरी. आणि त्रास बाबूआण्णांना व्हायचा!

ज्येष्ठ लागला. मुहूर्त थोडेच उरले होते, एकदा ते संपले की पुढच्या वर्षापर्यंत बोलायची सोय नाही, आणि मुलगी घरात वर्षभर कोण ठेवतं? शेवटी मी सायकल मागून आणली आणि हरीला म्हटलं, चल वाणगावला. मागणी घालायची नाही, नुसतं जगूकाकांना विचारायचं, "आमची मोठी माणसं तुमच्याकडे यायची म्हणतात, कधी येऊ देत?" एवढ्याने त्यांना काय ते समजेल. मोठ्यांना मग मी ओढून आणतो. हरी तयार झाला. धुतलेला सदरा घातला. मी पुढे सायकल मारत होतो, तो मागे कॅरियरवर, आणि सबंध रस्ता मी त्याच्याकडून ते एक वाक्य घोकून घेतलं. उन्हाने तोंड भाजत होतं. "बोल परत." "आमची मोठी माणसं तुमच्याकडे यायची म्हणतात..." "कधी येऊ देत." "कधी येऊ देत." वाणगावच्या वेशीपर्यंत पोपटासारखं पाठ झालं होतं.

जगूकाका ओट्यावर सुतळी वळत बसले होते. आम्हाला पाहिलं आणि त्यांचं तोंड उजळलं. हरीचा चेहरा त्या पट्ट्यात सगळ्यांच्या ओळखीचा, आणि कशासाठी ओळखीचा ते मी वर सांगितलंच. त्यांनी सुतळी बाजूला ठेवली, धोतर झटकलं, उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "बोल रे पोरा. कोणाचं आवतण?"

मी हरीकडे बघितलं. त्याने तोंड उघडलं. मिटलं. मग छाती पुढे आली, मान वर झाली, आणि तो खणखणीत आवाज निघाला, "चिंचणीच्या बाबूआण्णांच्या घरचं लगीन हाय. मुलगा बाळा. येत्या गुरुवारी. आवतण चूलबंद. पोरंबाळं घेऊन या, पाहुणे असतील तर पाहुणे घेऊन या."

जगूकाका चकित झाले. "चूलबंद? आमाला? एवड्या लांब?" हरी म्हणाला, "हो काका. आण्णांनी मुद्दाम सांगितलंय." आण्णांनी वाणगावला कोणालाच बोलावलेलं नव्हतं. हरीच्या हातात करंडा नव्हता हे जगूकाकांच्या उशिरा लक्षात आलं. ते म्हणाले, "घाईत इसरलास वाटतं," आणि आतून स्वतःच्या घरचं कुंकू मागवून घेतलं. हरीने त्यांचंच कुंकू त्यांना लावलं. आम्ही पाणीही न पिता निघालो, कारण आवतणवाला बसत नाही, त्याला पुढची घरं असतात. आम्हाला कोणती पुढची घरं होती?

वेशीबाहेर आल्यावर मी सायकल बांधावर टाकली.

"तू काय केलंस?"

"अरे, त्यांनी आवतण इचारलं."

"म्हणून?"

"म्हणून सांगितलं."

"आणि आपण ज्यासाठी आलो ते?"

हरी बराच वेळ सदऱ्याची बाही चोळत होता. तिच्यावर कुंकू सांडलं होतं. मग म्हणाला, "ते कुठं इचारलं त्यांनी?"

मला लोक म्हणतात... म्हणजे लोक नाही, माझी बायको म्हणायची, तिला एकटीला मी हे सांगितलं होतं... की तुम्ही शेजारी उभे होतात, तुम्ही बोलायचं. नाही. मी तेव्हाही नाही म्हटलं आणि आताही म्हणतो. मी बिनलग्नाचा, मी बोललो असतो तर जगूकाकांनी पोरखेळ समजून हाकललं असतं आणि हरीचं उरलंसुरलं गेलं असतं. आणि दुसरं, माणसाने आपल्या जन्माचं एक वाक्य तरी आपल्या तोंडाने बोलावं. साऱ्या गावासाठी ज्याचा आवाज चालतो त्याचा स्वतःसाठी चालू नये, याला मी काय करू?

गुरुवारी बाळाचं लग्न झालं. जगूकाका सगळं घर घेऊन बैलगाडीने आले, शेजारची म्हातारीसुद्धा आणली. चूलबंद म्हणजे चूलबंद. बाबूआण्णा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "वाणगावकरांना कोणी बोलावलं?" मी म्हटलं, "तुमी." इंदू हिरव्या साडीत होती. हरी बुंदीची परात घेऊन पंगतीत फिरत होता, तिच्या पानाशी आला तेव्हा ती म्हणाली, "म्हैस नाय आणली हो. तिला साडी होत नव्हती." हरी एवढा हसला की मूठभर बुंदी शेजारच्या म्हातारीच्या डाळीत पडली. मी मागून त्याला कोपराने ढोसलं. म्हटलं, बाबूआण्णा इथे आहेत, जगूकाका इथे आहेत, दोघांची पोटं भरलीत, यापेक्षा चांगली वेळ नाही, आण्णांचा हात धर आणि त्यांना तिकडे ने. तो म्हणाला, "शेवटची पंगत उठू दे."

शेवटची पंगत बसली होती तेव्हा नवरीचे पालघरचे मामा जगूकाकांशेजारी येऊन टेकले. पान लावता लावता म्हणाले, "मुलगी तुमची काय? आमच्या भाच्यासाठी बघायला यावं म्हणतो. कधी येऊ?" मी खांबाला टेकून उभा होतो, मला शब्दन् शब्द ऐकू आला. आम्ही उन्हात सायकलवर घोकलेलं तेच वाक्य. त्या माणसाने ते चुना लावता लावता बोलून टाकलं, आणि जगूकाका म्हणाले, "या की. परवाच या." एवढंच होतं ते. एवढं सोपं होतं. आणि हरी तिकडे डाळीची बादली घेऊन ओरडत होता, "अजून कोणाला? अजून कोणाला?"

त्याच मोसमातल्या अखेरच्या मुहूर्तावर तिचं लग्न लागलं. तेवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित शांत झालो असतो. पण जगूकाका स्वतः चिंचणीला आले. हरीच्या आईसमोर बसले आणि म्हणाले, "हरी, पोरा, चिंचणीची घरं मला ठावं नाय. तुज्यासारखं आवतण कोण सांगणार? माज्या इंदूचं आवतण तू सांग." मी तिथे होतो. मला वाटलं, आता तरी. आता तरी हा नाही म्हणेल, ताप आहे म्हणेल, बाहेरगावी जायचंय म्हणेल. हरी उठला, खुंटीवरची टोपी घेतली आणि म्हणाला, "चूलबंद की घरटी एक?"

आळीतल्या प्रत्येक दारात तो उभा राहिला. आमच्याही दारात आला. हातात जगूकाकांचा करंडा. मी ओट्यावर होतो. त्याने माझ्या वडिलांना कुंकू लावलं, आईला अक्षता दिल्या, आणि तोच आवाज, तीच मान वर, "वाणगावच्या जगूकाकांच्या घरचं लगीन हाय. मुलगी इंदू. आवतण चूलबंद..." मी उठून मागच्या दारी गेलो. लग्नाच्या दिवशी सगळी आळी वाणगावला गेली. मी गेलो नाही आणि आईला म्हटलं, आज आपल्या घरी चूल पेटेल. आई म्हणाली, "अरे, आवतण मोडतं काय कोणी? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, धूर बघू देत लोकांना. मी स्वतः फाटी फोडली, चूल पेटवली आणि भात खाल्ला. भात करपला होता. त्याचा मला आजही पस्तावा नाही. त्या दिवशी या गावात हरीच्या बाजूने एवढं एकच झालं, आमच्या कौलांतून धूर निघाला.

पुढे हरीने लग्न केलं नाही. म्हणजे करणार नाही असं कधी म्हणाला नाही, ते त्याच्या स्वभावात नव्हतं. आईने दोन-तीन स्थळं आणली, प्रत्येक वेळी म्हणायचा, बघू, हे एवढं काम होऊ दे. मग भावाचं लग्न आलं. मग भावाची मुलं. माझ्या लग्नाचं आवतण त्यानेच सांगितलं, माझ्या मुलांच्या लग्नांचंही. छापील पत्रिका आल्यावर पत्रिका वाटायला जायचा आणि पत्रिका हातात देऊन वर तोंडी सांगायचाच. मी त्याला किती वेळा टोकलं असेल! ऐन पंगतीत, नदीवर, स्मशानातून परत येताना. "का नाही बोललास तेव्हा?" तो हसायचा. एकदाच, आम्ही साठीच्या पुढे गेल्यावर, नीट उत्तर दिलं. म्हणाला, "मोरू, दुसऱ्याचं सांगताना कसं, दुसरा मागे उभा हाय असं वाटतं. माजं सांगताना मागे कोण होतं?" मी म्हटलं, "मी होतो की शेजारी!" तो म्हणाला, "शेजारी होतास. मागे नाय." यावर मी चार दिवस त्याच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी तोच आला, फणस घेऊन.

हरी गेल्याला तीन-चार आठवडे झाले आणि दारात एक गाडी थांबली. इंदू. केस पांढरे, हातात काठी, मुलगा पालघरहून घेऊन आलेला. हरीच्या घरी तिला कोणी ओळखणारं नव्हतं, म्हणून माझ्याकडे आली. चहा घेतला. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली म्हणाली. "चांगला माणूस होता हं, मोरूभाऊ. माझं काय वाईट नाय झालं." मी म्हटलं, बरं. मग मुलगा गाडीकडे गेल्यावर तिने विचारलं, "त्या दिवशी तुमी आवतणाला आला नव्हता ना?"

मी कपबशी बाजूला सारली.

"आवतणाला कोणी करंड्याशिवाय येतं काय? तुमी दोघं धुतलेले सदरे घालून, मान खाली घालून आला. आईने खिडकीतनं बगितलं आणि मला म्हणाली, पोहे भिजव. मी पोहे भिजवले. मंग बाहेरनं त्यांचा आवाज आला, चूलबंद म्हणून." ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसली, मग पदर तसाच राहिला. "पोहे आमीच खाल्ले."

मी म्हटलं, "मग वडिलांना सांगायचंत."

"मुलीने काय सांगायचं? पण त्या लग्नाला मी आले ती त्यासाठीच आले, मोरूभाऊ. म्हटलं, मांडवात सगळी मोठी माणसं असतील, कोणीतरी इचारील. इचारलं पण... दुसऱ्यांनी इचारलं."

ती गेल्यावर मी कपबश्या उचलल्या. माझा राग निवायच्या ऐवजी वाढला. म्हणजे त्या घरात आईला ठाऊक होतं, मुलीला ठाऊक होतं, पोहे भिजले होते. ओट्यावर मला ठाऊक होतं, हरीला ठाऊक होतं. एकट्या जगूकाकांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी बिचाऱ्यांनी तोंड भरून विचारलंही होतं, बोल रे पोरा! आता हे मी कोणाला जाऊन सांगू? ज्याच्याशी भांडायचं तो भिंतीवर हार घालून बसला आहे. शोकसभेत सगळ्यांनी त्याच्या नाही न म्हणण्याचे गोडवे गायले. माझ्या मते ती त्याची चूक होती आणि गावाने ती जन्मभर वापरून घेतली. हे मी लिहितोय, ज्यांना आवडणार नाही त्यांनी वाचू नये.

म्हातारपणी हरी रोज सकाळी आमच्याकडे यायचा. ओट्यावर माझ्यासमोर बसायचा, चहा घ्यायचा, पावसाचं, भावाच्या नातवंडांचं, कोणाच्या कलमांना कीड लागली त्याचं बोलायचा. मग उठायचा, निघायचा, आणि फाटकापाशी पोचला की कडीवर हात ठेवून वळायचा, आणि ज्यासाठी आलेला असायचा ते तिथून सांगायचा. "मोरू, जरा कोयता देतोस?" "मोरू, उद्या डॉक्टरकडे येशील काय सोबत?" इतकी वर्षं हे चाललं की मला सवय होऊन गेली. तो फाटकापर्यंत जाईस्तोवर मी ओट्यावरून हलायचो नाही, खरी गोष्ट तिथूनच यायची. जायच्या दोन दिवस आधीही असाच आला. चहा घेतला, उठला, फाटकापाशी गेला, कडीवर हात ठेवला आणि वळला. मी म्हटलं, "बोल." तो नुसता उभा. मी म्हटलं, "अरे बोल की मेल्या, ऊन लागतंय मला!" तो हसला. म्हणाला, "काय नाय रे. असंच." आणि कडी लावून गेला.

चहा झाला तरी मी अजून ओट्यावरच बसून राहतो. सून म्हणते, बाबा, ऊन आलं, आत चला ना, कोणाची वाट बघताय? मी तिला म्हणतो, थांब जरा. त्याला वेळ लागतो.